सराफा, दिवस आणि सराफा, रात्र

[दृश्य: सराफ्याची गल्ली. शटर खाली येतंय, ओट्यापुढे शेगडी पेटतेय.]

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीचा व्यवहार. रात्री दुकानं वाढवली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी. जागा तीच, पण पटकथेत 'बाह्य – सराफा – दिवस' आणि 'बाह्य – सराफा – रात्र' ही दोन निराळी कामं. गर्दी वेगळी, परवानगी वेगळी, दिव्यांची गाडी लागणार की नाही तेही वेगळं. शूटिंगच्या युनिटला हे कळतं प्रत्येक सीनच्या माथ्यावरच्या एका ओळीतून: सीन हेडिंग. कुणी स्लगलाइन म्हणतं.

[दृश्य: रामबागेतली खोली. छापील पानं, तांबडी पेन्सिल.]

लघुपटाची संहिता तपासणारे हे गृहस्थ जुने असिस्टंट डायरेक्टर. शिकणारी मुलं त्यांना काका म्हणतात. काका आधी संवाद वाचत नाहीत. सगळी हेडिंग्ज एकाखाली एक वेगळ्या कागदावर उतरवून मागतात. गोष्ट किती ठिकाणी पळते, रात्रीचे सीन किती, एकाच जागी परत किती वेळा जायचंय, सगळं त्या कागदावर उघडं पडतं. संवाद कितीही फर्मास असोत, हा कागद कुणाचं ऐकत नाही.

[दृश्य: हेडिंगची एक ओळ, जवळून.]

'अंतर्गत – जोशी वाडा, माजघर – रात्र.' आत की बाहेर, कुठे, केव्हा. जागा मोठीकडून लहानीकडे: आधी वाडा, मग माजघर. इंग्रजीत ही ओळ मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) लिहितात. देवनागरीत तशी सोय नाही, म्हणून ठळक करायची, वर एक ओळ मोकळी जास्त सोडायची. डावा समास दीड इंच, कारण पानं तिथे बांधली जातात. पानामागे एक मिनिट हा हिशेब १२ पॉइंटच्या कुरिअर टाइपावर बेतलेला आहे. देवनागरी फाँटवर तो डोळे मिटून लावू नये. दोन-तीन पानं मोठ्यानं वाचून घड्याळ लावावं.

[दृश्य: इंदूरच्या राजवाड्याच्या आतला चौक.]

अडतं ते चौकाशी. चारी बाजूंनी भिंती, वर आभाळ. आत की बाहेर? काका म्हणतात, "भिंती मोजू नकोस, उजेड बघ." ऊन पडतंय, पाऊस पडू शकतो, म्हणजे बाह्य. ओसरीवर छप्पर आहे, पण प्रकाश चौकातला. कॅमेरा दोन्हीकडे फिरणार असेल तर 'अंतर्गत/बाह्य' लिहून मोकळं व्हावं. चालत्या गाडीतल्या सीनलाही तेच.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. सीन ३ मध्ये 'जोशी वाडा, माजघर', सीन ९ मध्ये 'सुमनचं घर, आतली खोली', सीन १४ मध्ये नुसतं 'घर'. लिहिणाऱ्याच्या मनात खोली एकच असते. ब्रेकडाउन, म्हणजे सीनवार जागा-पात्रं-सामानाची यादी, करणारं सॉफ्टवेअर मात्र त्या तीन जागा धरतं आणि शेड्यूलमध्ये त्या तीन वेगळ्या दिवशी पडतात. पहिल्यांदा जे नाव दिलं, तेच अक्षर न अक्षर शेवटपर्यंत.

[दृश्य: शेड्यूलच्या रंगीत पट्ट्या.]

शेड्यूलमध्ये प्रत्येक सीनची एक पट्टी. रूढ पद्धतीत दिवसा आत पांढरी पट्टी, दिवसा बाहेर पिवळी, रात्री आत निळी, रात्री बाहेर हिरवी. हेडिंगमध्ये वेळ 'थोड्या वेळानं' अशी लिहिली की पट्टी कुठल्या रंगाची, ते कुणालाच ठरवता येत नाही. आधी दिवस किंवा रात्र, मग हवं तर कंसात 'थोड्या वेळानं'. 'संध्याकाळ' जपून वापरावी. सूर्य बुडाल्यावर इथे कामाचा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो, आणि नवा लेखक हमखास त्यात तीन पानांचं भांडण लिहितो.

फ्लॅशबॅक असेल तर साल हेडिंगमध्येच. १९८४ च्या आगीत राजवाड्याची मोठी हानी झाली, नंतर तो पुन्हा उभारला गेला. 'बाह्य – राजवाडा – दिवस (१९७५)' वाचल्यावरच कलादिग्दर्शक मागची वाहनं, फलक, तारा कशा झाकायच्या याच्या मागे लागतो. 'उदास सकाळ', 'भयाण शांतता' मात्र हेडिंगमध्ये नको. त्यांची जागा खालच्या वर्णनात, आणि तिथेही फार नको.

पात्र बोलत बोलत ओसरीवरून माजघरात गेलं तर? दिवे बदलतात, म्हणून नवं हेडिंग, कंसात 'सलग'. हे विसरलं की माजघराची मांडणी शूटिंगच्या सकाळी आठवते.

सीनचे आकडे पहिल्या खर्ड्यात घालू नयेत. संहिता पक्की झाली की घालावेत. त्यानंतर १२ आणि १३ च्या मध्ये सीन वाढला तर तो १२-अ. एखादा उडवला तर आकडा ठेवून पुढे 'रद्द' लिहायचं. खालचे आकडे सरकवले, तर कॅमेरा विभागाच्या हातातली यादी आणि वेशभूषेची यादी दोन वेगळ्या चित्रपटांच्या होतात.