राष्ट्रीयीकरणातली ती दीर्घ ई

नमस्कार मंडळी, आज एकाच क्रियापदावर बोलायचंय, राष्ट्रीयीकरण करणे. जीभ अडखळते म्हणून बरेच जण मधली ई खाऊन राष्ट्रीयकरण म्हणतात आणि मोकळे होतात, पण खरा अर्थ त्या ई मध्येच आहे बरं का. संस्कृतात ही ई कधी येते, तर जे आधी तसं नव्हतं ते आता तसं झालं, शुद्धीकरण म्हटलं की आधी अशुद्ध होतं हे आलंच. म्हणून सरकारनं स्वतःच उभारलेल्या कारखान्याचं राष्ट्रीयीकरण झालं असं म्हणताच येत नाही, तो पहिल्या दिवसापासून सरकारचाच, आधीचा मालक दुसरा कुणीतरी पाहिजे.

दुसरी गल्लत मला जास्त खटकते. राष्ट्रीयीकरण झालं की लोक सरसकट म्हणतात, सरकारनं कंपनी जप्त केली. अहो जप्ती होते गुन्ह्यापोटी नाहीतर थकबाकीपोटी, इथे मालकानं काही केलेलं असावंच लागत नाही, सरकार कायदा करून मालकी स्वतःकडे घेतं आणि मग प्रश्न येतो मोबदल्याचा. भारतात १९ जुलै १९६९ ला १४ मोठ्या बँका घेतल्या, ५० कोटींच्या वर ठेवी असलेल्या, पण १० फेब्रुवारी १९७० ला सुप्रीम कोर्टानं तो कायदाच रद्द केला, त्यात मोबदल्याचा मुद्दा मोठा होता, आणि चार दिवसांत नवा अध्यादेश काढावा लागला. मेक्सिकोनं १९३८ मध्ये परदेशी तेल कंपन्या घेतल्या तेव्हा तर मोबदल्याला हातभार म्हणून बायकांनी रांगा लावून दागिने दिले, कुणी कोंबड्या आणून दिल्या.

आणि सुएझ कालवा. २६ जुलै १९५६, इजिप्तचे अध्यक्ष नासर अलेक्झांड्रियात भाषण करतायत, रेडिओवर ते लाइव्ह चाललंय, आणि कालव्याजवळ त्यांची माणसं रेडिओला कान लावून बसलीयेत, कारण कालवा खोदणाऱ्या लेसेप्सचं नाव हाच इशारा ठरलेला. नाव कानावर पडलं की कालवा चालवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात शिरायचं. ऐकायचं राहू नये म्हणून नासर ते नाव पुन्हा पुन्हा घेत राहिले म्हणे. त्याच रात्री ऑफिसं हातात आली, पण ते झालं नुसतं ताब्यात घेणं. शेअरहोल्डरांशी मोबदल्याचा करार व्हायला १९५८ उजाडलं, मध्ये एक युद्धही होऊन गेलं, आणि राष्ट्रीयीकरण केलं असं म्हणताना मी ती दोन वर्षंही त्या क्रियापदातच धरतो.