सोसायटीचं दफ्तर आणि सेक्रेटरीचा मेल

नमस्कार श्रोतेहो.

सोसायटीत नवी कमिटी निवडून आली की जुने सेक्रेटरी नव्यांच्या ताब्यात दफ्तर देतात. फायली, इतिवृत्ताची वही, शेअर रजिस्टर, शिक्का, कपाटाची किल्ली. यादीवर दोघांच्या सह्या होतात. ठाण्यातल्या आमच्या ४८ घरांच्या सोसायटीची मी सेक्रेटरी झाले, तेव्हा मलाही हे सगळं रीतसर मिळालं.

आठवडाभरात लिफ्ट बंद पडली. लिफ्टवाल्यांना फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, "तुमची एएमसी संपली आहे मॅडम. रिन्यूअलचं कोटेशन मेल केलं होतं, दोनदा." एएमसी म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. मेल गेला होता आधीच्या सेक्रेटरींच्या स्वतःच्या पत्त्यावर, आणि ते तोवर मुलाकडे परदेशी गेले होते. अतिशय सज्जन माणूस. त्यांनी काहीही दडवलं नव्हतं. पण आठ वर्षांचा सोसायटीचा पत्रव्यवहार त्यांच्या घरच्या मेलमध्ये, नातवाच्या फोटोंत आणि विमानाच्या तिकिटांत मिसळून गेला होता. लिफ्ट सुरू व्हायला चार दिवस लागले. पाचव्या मजल्यावरच्या आजी ते चार दिवस घराबाहेर पडू शकल्या नाहीत. मला ते फार लागलं.

म्हणून मी सगळ्यात आधी सोसायटीच्या नावाने एक वेगळं जीमेल खातं उघडलं. पैसे लागत नाहीत, अर्धा तासही लागत नाही. लिफ्टवाले, ऑडिटर, बँक, वीज कंपनी, महापालिका, सगळीकडे हाच पत्ता कळवला. माणूस बदलला तरी पत्ता तोच राहायला हवा.

आपल्यातल्या पुष्कळांना अजून मेल पुसून टाकायची सवय आहे. ती जुन्या काळातली. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, तेव्हा फुकटच्या मेलमध्ये जागा मिळायची जेमतेम २ ते ४ एमबी. जीमेलने एकदम १ जीबी देऊ केली, आणि तारीख बघून लोकांना ते एप्रिल फूल वाटलं. आज १५ जीबी मिळते. मात्र ही जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे, हे लक्षात ठेवा. सोसायटीच्या खात्यात गणपतीचे व्हिडिओ भरू नका. पत्रं मात्र एकही पुसू नका.

पुसायचं नाही, तर मग हवं ते सापडणार कसं? त्यासाठी लेबलं आहेत. मी मोजकीच केली: लिफ्ट, पाणी, ऑडिट, मेंटेनन्स, तक्रारी. कपाटातला कागद एकाच फायलीत लागतो, पण मेलला दोन लेबलं लावता येतात. लिफ्टचं बिल ‘लिफ्ट’मध्येही दिसतं आणि ‘ऑडिट’मध्येही. गेल्या वर्षी ऑडिटरांनी बिलं मागितली तेव्हा एका लेबलावर बोट ठेवलं आणि वर्षभराची सगळी समोर आली. शिवाय एकदा फिल्टर लावून ठेवला की लिफ्टवाल्यांच्या मेलला लेबल आपोआप लागतं. ज्याचं काम झालं तो मेल संग्रहात टाकायचा. तो पुसला जात नाही, फक्त डोळ्यांसमोरून जातो. इनबॉक्समध्ये उरतं ते माझ्याकडून उत्तर द्यायचं राहिलेलं. रात्री जेवणं उरकल्यावर मी तेवढंच बघते.

तारखांसाठी कॅलेंडर. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. ऐन ३० तारखेची आठवण लावून काय उपयोग? मी उलटी मोजत आले. हिशेब छापून घेणं, नोटीस काढणं, त्याआधी कमिटीची बैठक. पहिली आठवण १ ऑगस्टला वाजते. ‘दरवर्षी’ असं एकदा निवडलं की पुढच्या वर्षीही ती तशीच वाजते. एएमसीची आठवण मुदत संपण्याच्या ४५ दिवस आधी खजिनदारांच्या आणि माझ्या, दोघांच्या फोनवर येते.

मेंटेनन्सचा तक्ता गूगल शीट्समध्ये आहे. एकदा एका उत्साही सभासदाने थकबाकीचा एकच रकाना चढत्या क्रमाने लावला. फ्लॅट नंबर जागच्या जागी राहिले आणि रकमा हलल्या. ज्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते, त्यांच्यापुढे ११ हजारांची बाकी! रात्री साडेदहाला फोन सुरू झाले. शीट्समध्ये जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात, त्यातली दुपारची परत आणली आणि तक्ता पूर्ववत झाला. त्या दिवसापासून सभासदांना फक्त बघायची परवानगी आहे. लिहायची खजिनदारांना आणि मला.

एक विनंती. सगळ्यांना एकत्र नोटीस पाठवताना मेलचे पत्ते बीसीसीच्या रकान्यात घाला, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. ४८ घरांचे पत्ते एकमेकांना वाटायचा आपल्याला अधिकार नाही. आणि इतिवृत्ताची सह्यांची वही, रजिस्टरं कागदावर आहेत तशीच ठेवा. मेल त्यांच्या जोडीला आहे.

आता सर्वात नाजूक गोष्ट. नुसता पासवर्ड सांगितला म्हणजे खातं सोपवलं असं होत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू असेल, तर पासवर्डनंतर लागणारा कोड जुन्याच सेक्रेटरींच्या मोबाइलवर जातो. रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवायचा नंबरही त्यांचाच असतो. तो माणूस गावाला गेला की आपण पुन्हा बंद लिफ्टसमोर उभे. म्हणून दोघांनी शेजारी बसून हे नंबर बदलायचे, जुन्या फोनवरून खातं काढायचं, नवा पासवर्ड नव्या माणसाने स्वतः घालायचा. माझी मुदत संपायला अजून दीड वर्ष आहे. पण हस्तांतरणाच्या यादीत शेअर रजिस्टर आणि कपाटाची किल्ली यांच्या खाली ही ओळ मी आत्ताच लिहून ठेवली आहे, सहीसाठी जागा सोडून.

नमस्कार.