रोहित्राच्या पोटातला आयात पत्रा

(कॉइलचे वेष्टण कापले जाते)

पत्रा नीट बघा. जाडी 0.23 मिलिमीटर, लोखंडात साधारण 3 टक्के सिलिकॉन, वर काचेसारखा करडा थर. कारखान्यात याला सीआरजीओ म्हणतात, म्हणजे थंड लाटलेलं, कण एका दिशेला जुळलेलं पोलाद. बांधावरच्या डीपीपासून 400 केव्हीच्या उपकेंद्रापर्यंत बहुतेक रोहित्रांचा कोअर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांमधला चुंबकीय गाभा, याचाच बनतो. पोलाद उत्पादनात भारत जगात दुसरा आहे, तरी हा पत्रा मुख्यतः बाहेरूनच येतो. जपान, दक्षिण कोरिया, चीन, रशिया.

(भट्टीची दृश्ये)

त्याचं कारण या भट्टीत आहे. थंड लाटण झाल्यावर पत्र्यातला कार्बन काढतात, मॅग्नेशियम ऑक्साइडचा लेप देतात आणि अख्खी कॉइल हायड्रोजनमध्ये सुमारे 1200 अंशांवर तापवतात. चढवणं, धरणं, निववणं यात काही दिवस जातात. तेवढ्यात पोलादातले मोजके कण शेजारच्या कणांना गिळून मोठे होतात आणि त्यांची चुंबकीय दिशा लाटण्याच्या दिशेला जुळते. पोलादातलं नायट्रोजन किंवा अॅल्युमिनियम थोडं इकडेतिकडे झालं, तापमान चढवण्याचा वेग चुकला, की कण भलतीकडे वाढतात आणि कॉइल खालच्या ग्रेडमध्ये जाते. हे तंत्र जगातल्या मोजक्याच कंपन्यांनी साधलंय आणि त्या ते सहजासहजी देत नाहीत. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात असा कारखाना आहे. 2025 मध्ये तो जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई या पोलाद कंपन्यांच्या भागीदारीत गेला. पण देशाची गरज त्याच्या क्षमतेच्या कितीतरी पुढे आहे. अशा भट्ट्या इथे आणखी उभ्या राहायलाच हव्यात.

(कटिंग लाइन, मग कोअरची रचाई)

पट्ट्या 45 अंशांत कापल्या जातात, म्हणजे कोपऱ्यावरही चुंबकीय प्रवाह कणांच्या दिशेतच राहतो. कडेची बर, म्हणजे कापताना उठलेली धारदार कोर, 20 मायक्रॉनच्या आत हवी. पातं बोथट झालं की बर वाढते, शेजारचे पत्रे एकमेकांना टेकतात, तिथे विजेचा प्रवाह फिरतो आणि कोअर तापतो. 100 मिलिमीटर जाडीच्या थरात असे 420 च्या आसपास पत्रे बसतात. प्रत्येक सांधा आधीच्या सांध्यापासून काही मिलिमीटर सरकवलेला आहे, हातांची लय बघा. पत्रा हातोडीने ठोकून बसवायचा नाही, वाकवायचा नाही. ताण आला की लॉस, म्हणजे कोअरमध्ये वाया जाणारी वीज, वाढतो.

(भंगारातले पत्रे)

हेही आयातच आहे. परदेशात मोडलेल्या रोहित्रांचे पत्रे, पुन्हा कापून विकलेले. लेप खरवडलेला, कडा वाकलेल्या, ग्रेडचा पत्ता नाही. नवी कॉइल महाग आणि उशिरा मिळते, म्हणून हा माल खपतो. रोहित्र रात्रंदिवस चालू असतं. नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही वाया जाणारी वीज, 100 वॅटने वाढला तर वर्षाला 876 युनिट वाया, आणि ते भरतो ग्राहक.

सौर प्रकल्प, नवी उपकेंद्रं, शेतीचे फीडर वेगळे करणं, या सगळ्याला रोहित्रं लागतात. मागणी वाढतेच आहे.

(चाचणी कक्ष)

खरेदी करणाऱ्यांनी कॉइल नंबर असलेलं, पत्रा बनवणाऱ्या गिरणीचं चाचणी प्रमाणपत्र, बिल ऑफ लॅडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती) आणि बिल ऑफ एन्ट्री (सीमाशुल्क खात्यातली आयातीची नोंद) एकत्र मागावं आणि तिन्हींतले नंबर, वजन आणि तारखा जुळवून पाहाव्यात. कोअर टाकीत उतरण्याआधी तपासावा. टाकी बंद झाल्यावर आत कोणता पत्रा आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.