हवेतल्या कार्बनचा आकडा बनतो कसा

नमस्कार श्रोतेहो. दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात काब द रामचा किल्ला आहे. तिथला कडा थेट समुद्रात उतरतो. फिरायला पुष्कळ लोक जातात, पण हवेचा अभ्यास करणाऱ्यांना ही जागा वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९९३ पासून बरीच वर्षं इथली हवा काचेच्या बाटल्यांत भरून, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड (बोलताना नुसता ‘कार्बन’) तपासायला ऑस्ट्रेलियाला जात असे. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आणि ऑस्ट्रेलियाची सरकारी विज्ञान संशोधन संस्था सीएसआयआरओ यांचं हे संयुक्त काम होतं.

जागा हीच का, ते वाऱ्यावरून कळतं. जून ते सप्टेंबर इथे येणारी हवा विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळून, हजारो किलोमीटर पाण्यावरून आलेली असते. हिवाळ्यात वारा फिरतो आणि जमिनीवरची हवा येते. तिच्यात चुली, गाड्या, जाळलेलं शेत, सगळ्याचा अंश असतो. म्हणजे त्याच कड्यावर जुलैत आणि जानेवारीत दोन वेगवेगळ्या प्रदेशांची हवा मोजली जाते. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे ‘कार्बन वाढला’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. जुलैची तुलना जुलैशीच करायची.

आता बाटली भरण्याकडे येऊ, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो, म्हणजे दहा लाखांत ४०,००० भाग. बाहेरच्या हवेत तो दहा लाखांत साधारण ४२५ भाग आहे. ‘दहा लाखांत भाग’ यालाच पीपीएम म्हणतात. अडीच लिटरच्या बाटलीत उच्छ्वास फक्त ०.०६ मिलिलिटर शिरला, म्हणजे जेमतेम पाण्याच्या थेंबाएवढा, तरी आकडा एका पीपीएमने चढतो. म्हणून नमुना घेणारा वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, बाटली किंवा हवा खेचणारी नळी आपल्या पुढे, वाऱ्याच्या बाजूला धरतो आणि श्वास रोखतो. अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेच्या नमुना केंद्रांच्या जाळ्यात बाटल्या जोडीनेच भरतात. दोघींच्या आकड्यांत अर्ध्या पीपीएमहून जास्त फरक आला, तर त्या जोडीवर शंकेची खूण पडते.

वेळही पाहावी लागते. रात्री जमिनीलगतचा थर थंड होऊन स्थिरावतो, झाडं आणि माती श्वसन करत राहतात आणि कार्बन तळाशी साठतो. पहाटेचा आकडा त्यामुळे फुगलेला असतो. दुपारी ऊन तापलं की हवा वरपर्यंत घुसळली जाते. किनाऱ्यावर तर समुद्राकडून वारा वाहत असतानाच नमुना घ्यायचा. हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर, ३,४०० मीटरवर, नेमकं उलट आहे. तिथे दुपारी उतारावरून वर चढणारी हवा खालच्या झाडीतून येते, म्हणून रात्री वरून उतरणारी हवा जास्त भरवशाची. १९५८ च्या मार्चमध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांच्या उपकरणाने तिथे पहिला आकडा दिला, ३१३ पीपीएम. २०२४ ची तिथली सरासरी ४२४ च्या वर होती.

आपल्याकडे सर्वांत जास्त दगा देते ती बाष्पाची भर. पावसाळी किनाऱ्यावर हवेत ३ टक्के बाष्प सहज असतं. ते बाकीच्या वायूंची जागा घेतं, आणि ४२० चा आकडा ४०७ दिसतो. तेरा पीपीएमची चूक! जगभरात कार्बनची वाढ सध्या वर्षाला अडीचच्या आसपास आहे, म्हणजे पाच वर्षांची वाढ एका दमट दुपारी गिळली जाते. म्हणून हवा आधी मॅग्नेशियम परक्लोरेटसारख्या शोषकातून वाळवतात, किंवा बाष्प वेगळं मोजून हिशेबात दुरुस्ती करतात.

मोजणारं यंत्र हवेतला कार्बन डायऑक्साइड अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो ते पाहतं, पण एकट्या यंत्रावर विसंबत नाहीत. ज्यातलं प्रमाण आधीच पक्कं ठरवलेलं आहे, अशी कोरडी हवा भरलेले ॲल्युमिनियमचे सिलिंडर वरचेवर जोडून यंत्र ताडून पाहतात. सिलिंडर तळापर्यंत संपवत नाहीत. दाब उतरला की आतल्या भिंतींना चिकटलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि प्रमाणच बिघडतं. एवढा खटाटोप ०.१ पीपीएमसाठी चालतो.

हल्ली शाळा-कॉलेजांत, घरांतही छोटे कार्बन डायऑक्साइड मीटर आलेत. वर्गात हवा खेळते की नाही हे पाहायला ते उत्तम, वातावरणातली वाढ पकडायला निरुपयोगी. त्यांची चूक ५० पीपीएम किंवा त्याहून जास्त असू शकते. विकत घेताना वेष्टनावर ‘एनडीआयआर’, म्हणजे अवरक्त प्रकाशाने मोजणारा, असं आहे का बघा. ‘ईसीओटू’ लिहिलेला स्वस्त सेन्सर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, दुसऱ्या वायूंवरून अंदाज बांधतो. बहुतेक मीटर गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे ४०० असं धरून स्वतःला जुळवून घेतात. खोली आठवडाभर बंद राहिली, तर मीटर कोंदट हवेलाच ताजी समजू लागतो. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी तो अर्धा तास बाहेर मोकळ्यावर ठेवा.

आणि मीटर घेऊन महाबळेश्वरला गेलात, तर दाबाची दुरुस्ती नसलेलं उपकरण ४२० ऐवजी ३६० च्या आसपास दाखवेल. डोंगरावरची हवा ‘शुद्ध’ म्हणून ही घट होत नाही. तिथे हवेचा दाब जवळपास १५ टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे प्रकाशाच्या वाटेत रेणूच कमी येतात. काही मीटरांच्या सेटिंगमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची भरायची सोय असते. तिथे १,३५० मीटर भरा आणि मगच नोंद घ्या.