प्रत्येक 'खूप'ला व्हेरी चालत नाही

नमस्कार मंडळी! आज बोलूया इंग्लिशमधल्या 'व्हेरी'बद्दल, म्हणजे शब्द तसा पहिलीतला पण घोळ मात्र मोठ्यांचा होतो. कारण मराठीत आपलं 'खूप' कुठेही खपतं, खूप मोठा, खूप आवडलं, खूप पाऊस, आणि मग तेच डोक्यात ठेवून आपण बोलून जातो 'आय व्हेरी लाइक इट'. हे नाही चालत. व्हेरी क्रियापदाला थेट चिकटत नाही, तिथे 'आय रिअली लाइक इट' म्हणायचं, किंवा 'व्हेरी मच' शेवटी न्यायचं. तसंच 'व्हेरी बेटर' नाही, 'मच बेटर'. पावसाला सरळ 'हेवी रेन'.

आता गंमत ऐका, व्हेरी आला जुन्या फ्रेंचमधून आणि तिथे त्याचा अर्थ होता 'खरा'. रिअली, ट्रूली, हेही खरेपणाचेच शब्द, आणि जोर देता देता नुसते 'खूप' होऊन बसले. आजकालच्या पोरांचं 'लिटरली', म्हणजे मुळात 'अक्षरशः', तेपण त्याच वाटेवर आहे, लोक उगाच चिडतात त्याच्यावर, अहो अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर डिक्शनरीत तो वापर १९०९ पासून नोंदलेला आहे! दुसरी वाट भीतीची. 'टेरिबली स्वीट', 'ऑफुली नाइस'. आपण नाही का म्हणत, बाळ भयंकर गोड आहे? सेम.

पण खरा खड्डा आहे 'टू'मध्ये. आपल्याकडे जेवण आवडलं की 'टू गुड यार!' आणि ते इथे सगळ्यांना कळतंही, पण एरवी टू म्हणजे नको इतकं, प्रमाणाबाहेर. 'द टी इज व्हेरी हॉट' म्हणजे चहा मस्त कडक गरम, 'टू हॉट' म्हणजे तोंड भाजेल, ठेवा खाली. 'शी इज टू स्मार्ट' असं कौतुकाने म्हणाल आणि समोरच्याला वाटेल की हिची हुशारी तुम्हाला खुपतेय.

आणि 'क्वाइट'चं तर विचारूच नका. अमेरिकन माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर बहुतेक वेळा चांगलंच आहे, ब्रिटिश म्हणाला तर अनेकदा 'बरं आहे' एवढंच. त्यामुळे लंडनच्या बॉसने तुमच्या रिपोर्टला क्वाइट गुड म्हटलं, तर पेढे आणायच्या आधी रिपोर्ट परत एकदा वाचा.