मासिक विकलं, पण नेमकं काय विकलं?

राजेहो, एखाद्या प्रोग्रामिंगच्या मासिकाचा मालक बदलला की आपण सगळे एकच विचारतो, आता बंद पडणार का? मी म्हणतो, आधी हे बघा की घेणाऱ्यानं नेमकं घेतलं काय. छपाई तर बहुतेक बाहेरच होते, तिचं काही नाही. विकलं जातं ते नाव, जुने अंक, वर्गणीदारांची यादी, आणि सोबत एक देणं. ज्यांनी वर्षाची वर्गणी आधीच भरली त्यांचे अजून न निघालेले अंक म्हणजे हिशेबात कर्जच, नागपूरच्या महाल भागातला वाडा भाडेकरूंसकट घेतला तसं.

आता प्रोग्रामिंगच्या मासिकाचं कसं असतं, वाचक थोडे, पण ऑफिसात कोणता कम्पायलर (म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम), कोणता डेटाबेस घ्यायचा हे ठरवणारे तेच, म्हणून जाहिराती मिळतात आणि म्हणूनच ती यादी महाग. नवा मालक बरेचदा यादीसाठीच येतो. त्याच्याकडे तसंच मासिक आधीपासून असलं तर मग झालंच, दोन काहून चालवायची?

बाइट नावाचं मासिक बघा. सप्टेंबर 1975 ला सुरू, 1979 मध्ये मॅकग्रॉ-हिल या प्रकाशकानं घेतलं, 1998 च्या मे महिन्यात सीएमपी या दुसऱ्या प्रकाशन कंपनीकडे गेलं आणि जुलैचा अंक छापून संपलं! डॉ. डॉब्स या मासिकाची तर गंमतच, 1976 मध्ये टायनी बेसिक ही छोटीशी प्रोग्रामिंगची भाषा लोकांपर्यंत पोचवायला म्हणून निघालं, तीनच अंक काढायचे ठरले होते म्हणे, आणि चाललं किती वर्षं! तेही हात बदलत बदलत सीएमपीकडेच आलं, छापील अंक 2009 ला थांबला, 2014 संपता संपता वेबवरचंही नवं काम बंद झालं.

लिनक्स जर्नलचं वेगळं. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवरचं 1994 चं मासिक, 2011 मध्ये कागद सोडला, डिसेंबर 2017 ला बंद करतोय म्हणाले, आणि महिन्याभरात प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेसवाले धावून आले. हे व्हीपीएन (म्हणजे इंटरनेटवर आपली ओळख झाकणारी सेवा) विकणारे, मासिकवाले नाहीत, त्यामुळे मला तेव्हा फार आशा वाटली होती, संपादक मंडळीही बरीचशी तीच राहिली. तरी ऑगस्ट 2019 ला पुन्हा कुलूप! 2020 मध्ये स्लॅशडॉट ही टेक बातम्यांची साइट चालवणाऱ्या स्लॅशडॉट मीडियानं नाव उचललं. म्हणजे मालक प्रेमळ असून भागत नाही, पैसा त्याच्याच खिशातून येत असेल तर त्यानं हात आखडला की मासिक गेलं.

आपल्याकडे 2003 ला लिनक्स फॉर यू निघालं, नंतर त्याचंच ओपन सोर्स फॉर यू झालं. तेव्हा नागपुरात डायल-अपवर आख्खं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा पूर्ण संच, उतरवणं म्हणजे चेष्टाच, अंकासोबतची सीडी हेच खरं घबाड. सीडी मित्राकडे जायची ती जायचीच, अंक तेवढा आपल्याकडे उरायचा. सीताबर्डीला फुटपाथवर जुना अंक मिळाला तर आधी मधलं सीडीचं पाकीट चाचपायचं, बहुतेक रिकामंच.

एकानं विचारलंय, माझ्या मासिकाचा मालक बदललाय, वर्गणी रिन्यू करू का? करा ना, पण एकाच वर्षाची, तीन वर्षांची सूट कितीही भारी दिसली तरी. आणि नव्या मालकाला मेल टाका की जुने अंक पीडीएफमध्ये उतरवता येतील का, कोडची लिस्टिंग्ज कुठं राहणार, माझे उरलेले अंक कोण देणार. उत्तर यायच्या आत जेवढं डाउनलोड होतंय तेवढं करून ठेवा.