मेपल, आबनूस आणि सरस

(नाशिकमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कॉलेज रोडच्या पार्लरमध्ये रोज संध्याकाळी पूल खेळणारी मुलं आज समोर बसली आहेत, आणि क्लबातल्या बारा फुटी बिलियर्ड्स टेबलावर अर्धं आयुष्य घालवलेले ज्येष्ठही आले आहेत. मी सोबत दोन क्यू, म्हणजे चेंडूला मारायच्या काठ्या, आणल्या आहेत. एक इंग्लिश, एकसंध, ॲशच्या लाकडाची. दुसरी अमेरिकन, मध्ये पेचाने जोडायची, मेपलची. दोन्ही माझ्या जन्माच्या आधीच्या आहेत आणि दोन्ही मी आजही खेळतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुनी क्यू खेळल्याशिवाय कळत नाही. काचेच्या कपाटात ठेवून ती सुंदर दिसते, पण करणाऱ्याने त्या लाकडात काय काय साधलं आहे, हे चेंडूवर ठोका बसल्यावरच हाताला समजतं. संग्रह करणाऱ्यांपैकी काहींना हे पटत नाही. खेळलं की किंमत उतरते, असं ते म्हणतात. मला किमतीपेक्षा हाताला मिळणारी समज मोठी वाटते.

आता मुठीकडे पाहा. फिक्या लाकडात काळ्या लाकडाची चार टोकं वर चढलेली दिसतात. खेळाडू त्यांना पॉइंट म्हणतात. पार्लरमधल्या स्वस्त स्टिकवर ही टोकं छापलेली असतात, त्यामुळे बहुतेकांना ती नुसती नक्षी वाटते. मुळात तो सुताराचा सांधा आहे. क्यू पुढे हलकी आणि मागे जड हवी. म्हणून पुढे ॲश किंवा मेपल आणि मागे आबनूस किंवा शिसव. पण दोन लाकडं नुसती टोकाला टोक लावून चिकटवली, तर तो जोड टिकत नाही. लाकडाच्या कापलेल्या टोकाला डिंक नीट धरत नाही, आणि क्यूला तर दिवसभर ठोके सोसायचे असतात. मग उपाय काय? दोन्ही लाकडं लांबवर तिरपी उतरवायची आणि एकमेकांत घालायची, म्हणजे डिंकाला धरायला भरपूर जागा मिळते.

इंग्लिश कारागिराची हाताची पद्धत अशी होती: ॲशची चौकोनी काठी घ्यायची, खालच्या बाजूने तिच्या एका अंगावर रंधा तिरपा चालवायचा, त्यावर आबनुसाची पट्टी चिकटवायची. मग दुसरं अंग, तिसरं, चौथं. सगळं वाळलं की हा चौकोनी ठोकळा रंध्याने गोल करत आणायचा. गोल होताना आबनुसाची कड आपोआप कमानीसारखी उमटते. म्हणून हाताने जोडलेल्या इंग्लिश क्यूवर पॉइंटची टोकं गोलसर दिसतात, आणि यंत्राने खाच पाडून बसवलेल्या सांध्यावर ती सुईसारखी तीक्ष्ण दिसतात. हाताच्या कामात चारही कमानी तंतोतंत एका उंचीवर असतीलच असं नाही. एखादी जरा वर गेलेली असते. मला ती वर गेलेली कमान फार आवडते. तिथे एका माणसाचा हात दिसतो.

आणि हे सगळं धरून ठेवणारा डिंक म्हणजे सरस. जनावरांच्या कातड्याहाडांपासून उकळून काढलेला, आपल्याकडचे जुने सुतार वापरायचे तोच. सरस चांगला कडक होतो, पण ओल आणि उष्णता त्याला सोसत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत आठवडाभर राहिलेली क्यू वरून धडधाकट दिसते आणि आतून सुटलेली असते. म्हणून मी जुनी क्यू घेताना आधी तिची मूठ तळहातावर हलकेच आपटून ऐकतो. तांबट आळीत हंडा घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो ना, तसंच. आवाज सलग आला तर सांधा धड आहे. आत कुठे बारीक खडखड झाली, तर सरस सुटलाय किंवा मुठीत भरलेलं शिसं ढिलं झालंय.

लाकडाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण खरी मौज तिथे आहे. ॲशची रेषा उघडी असते, नखाला लागते. ही काठी निमुळती गोल केली की वाढीच्या वलयांचे बाण उमटतात, एकामागे एक, टोकाच्या दिशेने. स्नूकरचे कसलेले खेळाडू हे बाण नेहमी वर येतील अशीच क्यू धरतात. काठी प्रत्येक बाजूला सारखी वाकत नाही, म्हणून दर फटक्याला तीच बाजू वर हवी. मेपलचं उलट आहे. त्याची रेषा बारीक, दाट आणि गुळगुळीत, त्यामुळे बोटांच्या कडीतून ती सरकते फार छान. पूलमध्ये टिप, म्हणजे क्यूच्या टोकावरची कातड्याची चकती, साधारण 13 मिलिमीटरची, चेंडू 57 मिलिमीटरचा, खेळ जोरकस. मेपल त्याला शोभतं. स्नूकरचा चेंडू साडेबावन्न मिलिमीटरचा, टिप साडेनऊ-दहाची, तिथे ॲश शोभते. अर्थात आवडीनिवडी वेगळ्या असतात, स्नूकर मेपलने खेळणारेही पुष्कळ आहेत.

आबनूस मात्र आपल्या अंगणातलं. सिन्नर विड्यांचं गाव, हे इथे कुणाला सांगायला नको. विडीचं पान येतं तेंदूचं, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचं. त्या झाडाच्या जुन्या खोडाचा गाभा काळा असतो, आणि तोही आबनुसाच्याच घराण्यातला. श्रीलंका आणि दक्षिण भारतातलं काळंभोर आबनूस याच झाडाचं सख्खं भावंड. इंग्लंडमध्ये बनलेल्या जुन्या क्यूचा मागचा अर्धा भाग बऱ्याचदा आपल्या बाजूच्या जंगलातून गेलेला असतो, ही गोष्ट मला हातात क्यू असताना विसरता येत नाही.

ज्येष्ठांनी पाहिलं असेल, इंग्लिश क्यूच्या मुठीवर एका बाजूला सपाट तासून पांढरट पट्टी बसवलेली असते. बरोज अँड वॉट्स, थर्स्टन, रायली, पेराडन अशा कंपन्यांची नावं, कधी एखाद्या विजेत्याचं नाव आणि त्याने केलेला ब्रेक, म्हणजे एका खेपेत सलग मिळवलेले गुण. ही पट्टी पुष्कळदा हस्तिदंताची वाटते, पण असते सेल्युलॉइडची. त्यामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महाग झालं, मिळेना, तेव्हा 1863 मध्ये अमेरिकेत फेलन यांच्या कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला 10,000 डॉलरचं बक्षीस लावलं. जॉन वेस्ली हायट या तरुण कारागिराने त्यापायी खटपट केली आणि 1870 च्या सुमारास सेल्युलॉइड जन्माला आलं. चेंडूसाठी शोधलेला पदार्थ पुढे क्यूवर नावाची पाटी होऊन बसला.

इतिहासातली आणखी दोनच नावं घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या कॅप्टन मिंगो यांनी क्यूच्या टोकाला कातड्याची टिप लावण्याचं तंत्र रुजवलं. त्यामुळे चेंडूला फिरकी देता येऊ लागली, आणि खेळच बदलला. आणि टिप घसरू नये म्हणून तिच्यावर घासतो त्या चॉकचं आजचं रूप विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांच्या 1897 च्या पेटंटमधून आलं. त्यात खडू नसतोच, सिलिकासारखे खरखरीत कण असतात.

आता अमेरिकन क्यूकडे येतो. पूलच्या जगात जुन्या क्यू जमवणाऱ्यांच्या तोंडी एक नाव हटकून येतं, जॉर्ज बालाबुश्का. जन्म 1912, रशियात. लहानपणीच, 1924 मध्ये, अमेरिकेत आले. पेशाने सुतार. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्यांनी क्यू करायला घेतल्या आणि 1975 मध्ये ते गेले. एवढ्या थोड्या वर्षांचं काम, आणि आज त्यांची खरी क्यू मिळणं अवघड, खोट्या मात्र पुष्कळ. पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात भावतं ते वेगळंच. ब्रन्सविक कंपनीची टायटलिस्ट नावाची एकसंध क्यू होती. पूल हॉलच्या भिंतीवरच्या रॅकमध्ये लावलेली असायची, कुणीही उचलावी आणि खेळावी. तिचा सांधा अतिशय भक्कम. बालाबुश्कांनी सुरुवातीला हीच हॉलमधली क्यू घेतली, मधून कापली, पेच बसवला, मुठीला आयरिश लिनन गुंडाळलं, आणि तोलाचा सगळा हिशेब नव्याने मांडला. शिकागोचे हर्मन रॅम्बो यांनीही टायटलिस्टवर असंच काम केलं. म्हणजे ज्या क्यू आज दागिन्यांच्या भावाने विकल्या जातात, त्यांच्या पोटात रोजच्या वापरातली स्टिक आहे. हजारो हातांनी घासूनही न सुटणारा सांधा त्यांना हवा होता, म्हणून त्यांनी ती निवडली. खेळण्यासाठी केलेल्या वस्तूला खेळातून बाहेर काढू नये, असं मी म्हणतो, त्याचा मोठा आधार माझ्या दृष्टीने हाच आहे.

मुलं विचारतात, नव्या कार्बनच्या क्यूने फटका जास्त अचूक बसतो, मग जुनी कशाला? प्रश्न रास्त आहे. टिप आणि चेंडू यांची भेट साधारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी टिकते. तेवढ्यात सगळं ठरतं. तुम्ही साइड, म्हणजे बाजूची फिरकी, देण्यासाठी चेंडूच्या मध्यापासून बाजूला मारलं, की चेंडू नेमलेल्या रेषेवरून किंचित उलट्या बाजूला सरकतो. हे सरकणं क्यूच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर अवलंबून असतं. पुढचा भाग जड, तर सरकणं जास्त. नव्या शाफ्टमध्ये, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या काठीत, टोकाकडचा भाग पोकळ किंवा हलका करून हे कमी केलं आहे, आणि ते उत्तम तंत्र आहे. जुन्या अमेरिकन क्यूचं टोक भरीव आणि जड, त्यामुळे ती जास्त सरकवते. मग नेम लावतानाच तेवढं अंतर सोडावं लागतं. त्यासाठी चेंडू कसा सुटतो हे डोळ्यांनी निरखावं लागतं आणि कानांनी ऐकावंही लागतं. ठोक्याचा आवाज मऊ आला की पोकळ, मनगटापर्यंत काय पोचलं, टिप चेंडूला चिकटली की घसरली. नवी क्यू यातलं पुष्कळसं आपल्या वतीने सांभाळते. जुनी ते आपल्या हातात ठेवते. स्पर्धा जिंकायची आहे त्याने खुशाल नवी घ्यावी. पण फटका म्हणजे काय हे आतून समजून घ्यायचं असेल, तर एक पावसाळा जुन्या क्यूबरोबर काढावा.

पावसाळा म्हटला, कारण आपल्या हवेत जून ते सप्टेंबर हीच तिची परीक्षा असते. उन्हाळ्यातली कोरडी झळ आणि लगेच ओल, यात काठी वाकते. भिंतीला तिरपी टेकवून ठेवू नका. आडवी सपाट ठेवा किंवा सरळ उभी टांगा, बाहेरच्या भिंतीपासून लांब. ॲशच्या क्यूला अधूनमधून कच्चं जवसाचं तेल चार थेंब कापडावर घेऊन लावा, चोळा, आणि लगेच कोरडी पुसा. मेपलच्या शाफ्टला ओलसर कापड, त्यामागोमाग कोरडं, बस्स. आणि हात जोडून विनंती, पॉलिश पेपर लावू नका. निळसर चॉक आणि घामाने काळवंडलेली काठी गोरी करण्याच्या नादात लोक तिची जाडी घालवतात. एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही. पट्टीवरची अक्षरंही अशीच घासून गेलेली मी पाहिली आहेत, आणि जीव हळहळतो. टिप मात्र निःशंक बदला. टिप झिजण्यासाठीच असते.

आपल्या भागात जुनी क्यू सापडेल कुठे? अमेरिकन सहसा सापडत नाही, कुणा नातेवाइकाने आणली तरच. इंग्लिश मात्र सापडते. देवळालीसारखी छावणी आपल्या शेजारी आहे. जिथे छावणी तिथे मेस, आणि मेस म्हटली की बिलियर्ड्स. स्नूकर हा खेळ मुळी 1875 मध्ये जबलपूरच्या छावणीत सुरू झाला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात आणि 1964 मध्ये न्यूझीलंडमध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. त्या काळातल्या खेळाडूंच्या घरांत, जुन्या बंगल्यांच्या माळ्यांवर, बंद पडलेल्या क्लबांच्या रॅकमध्ये अजून क्यू पडून आहेत. घरच्यांना त्या पडद्याच्या दांड्या वाटतात. मिळाली तर विकणाऱ्याला विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: कुणाची होती, कुठल्या टेबलावर चालली. ही माहिती क्यूबरोबर राहिली पाहिजे. बाकी तिच्या आयुष्यातलं काहीच कागदावर नसतं.

एक कायद्याची गोष्ट. जुन्या अमेरिकन क्यूला टोकाशी किंवा जोडाशी खरं हस्तिदंत असू शकतं. भारतात हस्तिदंताचा व्यापार बेकायदेशीर आहे. जुनं आहे, वडिलांचं आहे, या सबबी चालत नाहीत. अशी क्यू विकत घेऊ नका, विकू नका.

आता चिठ्ठ्यांमधून आलेला प्रश्न, पहिली क्यू किती रुपयांची घ्यावी? स्टीफन हेंड्रीने स्नूकरची सातही जगज्जेतेपदं लहानपणी घेतलेल्या एका स्वस्त क्यूने जिंकली. 2003 मध्ये विमानप्रवासात ती मोडली, तेव्हा त्याला दुसरी मनासारखी सापडेना. त्यामुळे नावाच्या मागे लागू नका. ॲशची एकसंध जुनी क्यू पाहा, वजन 17 औंसांच्या आसपास. एक डोळा मिटून टोकापासून मुठीपर्यंत नजर टाका. टेबलावर लोळवताना खालून उजेडाची फट उघडझाप करत असेल तर काठी वाकलेली आहे. सरळ असेल, खडखड नसेल आणि पॉइंट खरे असतील, तर घ्या. नवी टिप बसवा, आणि पुढचे काही महिने दुसरी स्टिक हातात धरू नका. अर्ध्या टेबलावरून पांढरा चेंडू सरळ समोरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारा, तो परत टिपवर यायला हवा. डावीउजवीकडे जात असेल तर मारताना नकळत साइड लागतेय. जुनी क्यू ते लगेच दाखवते.